कस्तुरबांचे दुखणे

मैत्रिणींनो, यंदा स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यायचेच, असा अध्यक्षबाईंचा हुकूम निघाला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे यापलीकडे मी काही लिहिलेले नाही. एखादा लोणच्याचा प्रकार लिहून द्यावा आणि सुटावे, असे मनात होते. पण मंडळाची सहल येरवड्याच्या आगाखान पॅलेसला गेली, आणि त्या दिवसापासून एक विषय डोक्यात घोळू लागला तो काही जाईना. म्हणून तोच लिहिते. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

आपण सगळ्या सासवडहून एस. टी.ने निघालो होतो ते तुम्हाला आठवत असेलच. सहल बायकांची असली तरी आमचे हे बरोबर होते, कारण त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे जायचे होते. दिवे घाटात धुळीने त्यांना खोकला लागला आणि मागच्या बाकावरून तीन-चार उपाय आले. कोणी म्हणाले अडुळसा, कोणी म्हणाले ज्येष्ठमध तोंडात धरा, कोणी म्हणाले कोमट पाण्याशिवाय काही पिऊच नका. दम्याचा माणूस घरात असला की असे उपाय वाटेवर पडलेले मिळतात. त्याला आता बारा-तेरा वर्षे होत आली.

आगाखान पॅलेस १८९२ साली बांधलेला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गांधीजींना आणि त्यांच्या माणसांना तेथे कैदेत ठेवले. १९६९ साली आगाखानांनी तो वाडा देशाला दिला. तिथल्या माणसाने आपल्याला एक खोली दाखवली आणि सांगितले, की कस्तुरबांचा अंत येथे झाला, २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीचा दिवस. आपल्यापैकी कोणी तरी विचारले, "काय झाले होते हो त्यांना?" तो म्हणाला, "हृदयविकार." आणि आपण पुढच्या खोलीत गेलो.

माझे मन मात्र तिथेच अडकले. हृदयविकार म्हणजे एका दिवसाचे दुखणे नव्हे. मग औषध कोणाचे चालू होते? डॉक्टरचे, वैद्याचे, की गांधीजींच्या मातीचे आणि पाण्याचे? घरी आल्यावर मंडळाच्या कपाटातून गांधीजींची आत्मकथा काढून नेली. सुशीला नायर या स्वतः डॉक्टर आणि कस्तुरबांबरोबर कैदेत होत्या, त्यांनी लिहून ठेवले आहे तेही मिळवून वाचले. वाचताना असे वाटत गेले, की हा थोरामोठ्यांचा इतिहास खरा, पण आत चाललेला संसार आपल्या घरातल्यासारखाच आहे. नवरा डॉक्टर नसून डॉक्टरी करण्याची हौस असलेला आणि बायको त्याच्या घरची पहिली दुखणेकरीण.

गांधीजींना ही हौस लागली ती दक्षिण आफ्रिकेत. वकिली चालत होती, पण पोट साफ होत नसे. विलायती फ्रूट सॉल्ट घेऊन वेळ मारून नेत. तशात त्यांना अ‍ॅडॉल्फ जुस्ट नावाच्या जर्मन गृहस्थाचे मातीच्या उपचारावरचे पुस्तक मिळाले. स्वच्छ माती गार पाण्यात भिजवायची, पातळ फडक्यावर पसरायची आणि रात्री निजताना पोटावर बांधायची. हा त्यांचा मातीचा उपचार. दुसरे एक जर्मन, लुई कुने. त्यांचा भर पाण्यावर. टबात कमरेइतक्या गार पाण्यात बसायचे, पाय बाहेर ठेवायचे आणि पोट चोळायचे. त्याला कटिस्नान म्हणतात. उरुळीकांचनला तुम्ही कोणी गेला असाल तर हे प्रकार पाहिलेच असतील.

या उपचारांची पहिली मोठी परीक्षा झाली ती आपल्या मुंबईत, गिरगावात. साल १९०२. दुसरा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा. त्याला विषमज्वर झाला आणि त्यात फुप्फुसाचीही भर पडली. पारशी डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितले, औषधाने फारसे काही होणार नाही, मुलाला अंडी आणि कोंबडीचे सूप द्या. गांधीजींनी नकार दिला. मुलालाही विचारले, त्यानेही बापाचीच री ओढली. मग कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ च्या खाली येईना. एका रात्री त्यांनी चादर भिजवून पिळली, पोराला तिच्यात गुंडाळले, वरून घोंगड्या घातल्या, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, आणि जीव घाबरा झाला म्हणून स्वतः चौपाटीवर फेरी मारायला निघून गेले.

आत्मकथेत हे सारे मोकळेपणाने लिहिले आहे. रामनाम घेत फिरत होतो, लोक काय म्हणतील, भाऊ काय म्हणतील, मुलावर असला प्रयोग करण्याचा मला काय अधिकार, असे सगळे विचार तेथे आहेत. पण त्यात एक लहानसे वाक्य आहे, की मुलाला त्याच्या आईपाशी सोडून मी बाहेर पडलो. मी तिथे थांबले आणि पुस्तक मिटले. आई त्या गुंडाळलेल्या पोरापाशी बसली होती. तिच्या मनात काय काय आले असेल ते कोणी लिहिलेले नाही. बापाला चौपाटी होती, तिला कुठे जायचे होते?

मुलाला घाम फुटला, ताप उतरू लागला. पुरता जायला चाळीस दिवस लागले. तो कशाने बरा झाला, देवाच्या कृपेने, पाण्याने की पथ्यपाण्याने आणि शुश्रूषेने, हे कोणी सांगावे, असे गांधीजींनीच म्हटले आहे. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आपण आज जाणतो, की १९०२ साली विषमज्वरावर औषधच नव्हते. ते यायला १९४८ साल उजाडावे लागले. तेव्हा डॉक्टरांची कोंबडी काय आणि गांधीजींचे संत्रे काय, दोन्ही पथ्यच. खरे औषध कोणाच्याच हातात नव्हते.

आता कस्तुरबांच्या स्वतःच्या दुखण्याकडे येते. आपल्या बायकांच्या जातीला ते नवे नाही. त्यांना वारंवार अंगावरून जात असे. गांधीजींनी आत्मकथेत रक्तस्राव असा शब्द घालून ते उघडपणे लिहिले आहे. त्या काळच्या पुरुषाने बायकोचे असले दुखणे चारचौघांत सांगावे याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, सांगितले हे बरेच झाले. आपल्याकडे तर सख्ख्या बहिणीला कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

१९०८ च्या नोव्हेंबरात दुखणे विकोपाला गेले, तेव्हा गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगात होते. दंड भरला असता तर सुटून जाता आले असते. त्यांनी दंड भरला नाही. पत्र लिहिले, की माझे काळीज तुटते आहे पण मी येऊ शकत नाही, आणि तू गेलीस तर तेही सत्याग्रहातले बलिदानच होईल. देशकार्य फार मोठे हे मला समजते. तरी खाटेवर पडलेल्या बाईच्या हातात असले पत्र पडावे, हे वाचताना डोळ्यांत पाणी आले. त्या त्या दुखण्यातून उठल्या, पण त्राण उरले नाही.

पुढे जानेवारी १९०९ मध्ये डर्बन शहरात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. अंग इतके झिजले होते, की डॉक्टरांना क्लोरोफॉर्म देण्याचा धीर झाला नाही. भूल न देता शस्त्रक्रिया! त्यांनी ती सोसली. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी मायेने शुश्रूषा करत होते म्हणून गांधीजी कामासाठी जोहान्सबर्गला गेले. थोड्याच दिवसांत तेथे डॉक्टरांचा टेलिफोन आला. तुमच्या पत्नीला उठून बसवत नाही, त्यांना गोमांसाचा रस दिला पाहिजे, परवानगी द्या. गांधीजी म्हणाले, मी देणार नाही, पण तिला विचारण्यासारखी स्थिती असेल तर तिला विचारा, ती हो म्हणाली तर माझी हरकत नाही. डॉक्टर म्हणाले, अशा स्थितीतल्या रोग्याला मी विचारणार नाही. गांधीजी गाडीने डर्बनला पोचले, तर डॉक्टरांनी शांतपणे सांगून टाकले, की रस मी आधीच दिला.

पाहा, दोघेही त्यांच्या भल्यासाठीच झटत होते. एक जीव वाचवायला, दुसरा धर्म वाचवायला. आणि खाटेवरच्या बाईला विचारायचे शेवटपर्यंत राहिलेच होते. अखेर गांधीजींनी विचारले. त्या क्षीण आवाजात पण ठामपणे म्हणाल्या, की मला तो रस नको, माणसाचा जन्म सहज मिळत नाही, देह विटाळण्यापेक्षा मी तुमच्या मांडीवर मरेन. मांडीवर मरेन! हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे. गांधीजींनी पुन्हा समजावले, की माझे तत्त्व तू पाळलेच पाहिजे असे नाही, आपल्या ओळखीचे हिंदू लोकही औषध म्हणून मांस घेतात. त्या हलल्या नाहीत. मला लगेच येथून न्या, म्हणाल्या.

बाहेर पाऊस झिमझिमत होता. फिनिक्सच्या आश्रमात न्यायचे होते. स्टेशनावर रिक्षा आत जाईना, तेव्हा गांधीजींनी त्यांना उचलून डब्यात नेऊन ठेवले. पुढच्या स्टेशनावर आश्रमातली सहा माणसे झोळी घेऊन, ऊन दूध आणि ऊन पाणी बाटल्यांत भरून उभी होती. वाटेत धीर कोणी कोणाला द्यावा? त्या नवऱ्याला म्हणत होत्या, मला काही होत नाही, तुम्ही काळजी करू नका. हाडांचा सापळा झालेली बाई नवऱ्याला समजावते आहे! आश्रमात पाण्याचे उपचार झाले आणि त्या हळूहळू सावरल्या. एक स्वामी येऊन मांस खाण्याला शास्त्राधार आहे, असे त्यांना पटवू लागले, तर त्यांनी सांगितले, की महाराज, तुम्ही काहीही म्हणा, मला तसे बरे व्हायचे नाही, आता माझे डोके खाऊ नका.

काही काळाने अंगावरून जाणे पुन्हा सुरू झाले. या खेपेला पाण्याने गुण येईना. गांधीजींच्या वाचनात आले होते, की अशक्त माणसाने मीठ आणि डाळी वर्ज्य कराव्यात. त्यांनी कस्तुरबांची मनधरणी सुरू केली. आता मीठ आणि डाळ सोडा म्हणजे बाईने जेवावे तरी काय? त्या चिडून म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालासुद्धा सोडवणार नाही. झाले! गांधीजींना तेवढेच हवे होते. ते म्हणाले, मी आजपासून एक वर्ष मीठ आणि डाळ दोन्ही सोडली, तू सोड वा न सोड. कस्तुरबा घाबरल्या. क्षमा मागितली, मी सोडते, पण तुम्ही शपथ मागे घ्या, म्हणून विनवले. त्यांनी घेतली नाही. शेवटी, तुम्ही फार हट्टी आहात, कोणाचे ऐकणार नाही, एवढे म्हणून त्या रडल्या.

गांधीजींनी हा प्रसंग घरातला सत्याग्रह म्हणून मोठ्या गोडीने सांगितला आहे. त्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण माझ्या जावेला मी तो वाचून दाखवला तर ती म्हणाली, "याला आपल्याकडे बायकोला पेचात धरणे म्हणतात." आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

त्यानंतर रक्तस्राव थांबला आणि वैदू म्हणून आपला लौकिक वाढला, अशी गांधीजींनी स्वतःची थट्टाही केली आहे. मीठ आणि डाळ सोडल्याने अंगावरून जाणे थांबते, असे आजचा कोणी डॉक्टर सांगत नाही. मीठ कमी करायला सांगतात ते रक्तदाबासाठी. माझ्या मनात एक साधी गोष्ट आली. कस्तुरबांचा जन्म १८६९ चा. म्हणजे त्या वेळी त्या चाळिशीत होत्या. मंडळातल्या आम्ही पंचेचाळिशीच्या घरातल्या बायकांना याहून जास्त सांगायला नको. काही गोष्टी त्यांच्या वेळेला आपोआप थांबतात, आणि यश त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला मिळते. औषधावाचून खोकला गेला, अशी म्हण उगीच नाही पडली. अर्थात हा माझा तर्क. मी काही डॉक्टर नव्हे.

उपचाराचा हट्ट एकटा नवराच करी असे मात्र नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींना आमांशाने इतके घेरले, की ते मरणाला टेकले. त्या वेळी अहमदाबादेत त्यांच्याकडे केळकर नावाचे आपले महाराष्ट्रीय गृहस्थ आले. वैद्यकीचा अभ्यास जवळजवळ पुरा केलेला, पण पदवी न घेतलेले. ते अंगाला बर्फ लावून रोग बरा करत. गांधीजींनी त्यांना पाहताच ओळखले, की हा आपल्यासारखाच एककल्ली माणूस आहे. आणि त्यांना अंगभर बर्फ लावू दिला! बरेही वाटू लागले. पण अंगात शक्ती येईना. मुंबईचे डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय तुमची प्रकृती सुधारणार नाही. गाई-म्हशींना दुधासाठी क्रूरपणे वागवतात हे कळल्यापासून गांधीजींनी दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. ते ऐकेनात. कस्तुरबा खाटेजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैसच होती ना? डॉक्टरांनी तो धागा उचलला. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते उठले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, ही खंत त्यांना राहिली. पण गांधीजी म्हटले की शेळी, हे जे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्या मुळाशी दुखणेकऱ्याच्या खाटेजवळ उभ्या राहिलेल्या एका बायकोची युक्ती आहे.

आणि माती-पाणी मानणाऱ्या या माणसाने डॉक्टरची सुरीही पत्करली आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचे दुखणे उठले तेव्हा १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. आपल्या पुण्यातली गोष्ट म्हणून सांगितली.

येथे थोडे घरचे सांगते. सांगावे की नाही यावर दोन दिवस घालवले, पण वगळले तर मी हा लेख का लिहिते आहे ते तुम्हाला कळणार नाही.

ह्यांच्या दम्यावर डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिलेला आहे. मला तो कधी आवडला नाही. एकदा लागला की सुटत नाही, असे बायका म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून मी पुड्या आणल्या. त्या मधातून द्यायच्या, दही-केळे-भात बंद, आणि पंप बंद केल्याशिवाय पुडीचा गुण येणार नाही, अशी अट. मी पथ्य कडक पाळले. ह्यांच्या ताटात काय वाढायचे ते माझ्याच हातात होते. पंपही मी ह्यांना न विचारता उचलून फडताळात डब्याच्या मागे ठेवला. विचारले तेव्हा, असेल कुठे तरी, शोधते, म्हटले. पंधरा दिवस छान गेले. मी शेजारणींना पुडीचा पत्ताही दिला. सोळाव्या दिवशी पहाटे ह्यांना श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे पडले. मी डबे खाली ढकलून पंप काढला तेव्हा माझे हात असे कापत होते, की ते टोपण मला निघेना. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत काय झाले ते मला नीट आठवतसुद्धा नाही. वाचले. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "अगं, मला सांगायचेस तरी. मी कदाचित हो म्हटले असते."

त्यामुळे टेलिफोनवर गांधीजींनी म्हटलेले, तिला विचारा, हे शब्द जेव्हा मी वाचले, तेव्हा ते मला दुसऱ्या कोणाचे वाटले नाहीत.

आता येरवड्याकडे. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना मुंबईत पकडले. संध्याकाळच्या शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी मी बोलेन, असे कस्तुरबा म्हणाल्या, तेव्हा त्यांनाही पकडले. वय त्र्याहत्तर. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच एकाएकी वारले. ते त्यांना मुलासारखे. कैदेत कस्तुरबा तुळशीची पूजा करत, कॅरम खेळत, आणि त्या वयात गांधीजी त्यांना वाचायला शिकवत. जुना खोकला आणि दम होताच. १९४३ च्या अखेरीस हृदयाचे झटके येऊ लागले. निजता येईना. बसून, पुढे टेकून रात्र काढायची. दम्याच्या घरात ही बैठक कशी असते ते मी पाहिलेले आहे.

डॉक्टर होते. सुशीला नायर आणि डॉक्टर गिल्डर दोघेही कैदीच, पण निष्णात. गुण येईना तेव्हा कस्तुरबांनी स्वतः मागणी केली, की मला निसर्गोपचारवाले दिनशा मेहता हवेत आणि वैद्य हवा. या खेपेला गांधीजींनी त्यांच्यावर काही लादले नाही. बायकोच्या मनात आहे म्हणून ते सरकारला पत्रावर पत्र लिहीत राहिले. नवऱ्याला परवानगी देण्याचा हक्कच नव्हता, तो होता सरकारला, आणि सरकारने दिवसांवर दिवस घालवले. दिनशा मेहतांना येऊ दिले ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दुसऱ्या आठवड्यात लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले. त्यांना रात्री वाड्यात राहण्याची मनाई! रोग्याला रात्रीच जास्त होई. म्हणून ते वैद्यराज फाटकाबाहेर मोटारीत निजत आणि बोलावणे आले की पहाऱ्यातून आत येत. अशा तीन रात्री गेल्या. गांधीजींनी सरकारला कडक पत्र लिहिले, तेव्हा राहण्याची परवानगी मिळाली. पण तोवर वैद्यराजांनीही हात टेकले होते. आपले उपाय संपले असे सांगून त्यांनी रोगी पुन्हा डॉक्टरांच्या स्वाधीन केला. त्यांचे हे मोकळेपणाने सांगणे मला थोर वाटले. पुडीवाल्यांपैकी असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

मूत्रपिंडे काम करीनाशी झाली, फुप्फुसाला सूज आली. त्या वेळी पेनिसिलिन हे औषध अगदी नवे होते, हिंदुस्थानात मिळणे मुष्किल. ते कलकत्त्याहून विमानाने आणवले. धाकटे चिरंजीव देवदास यांना ते द्यावेसे वाटत होते. गांधीजींनी विचारले, की ते कसे देतात? दर काही तासांनी सुई टोचावी लागते असे कळले तेव्हा ते म्हणाले, आता तिला टोचू नका, तिला शांतपणे जाऊ द्या. देवदासांनी वाद घातला, मग मान खाली घातली. देवदासांनी आणलेले गंगाजल त्यांच्या मुखात घातले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास त्यांनी गांधीजींना बोलावले आणि त्यांच्या मांडीवर प्राण सोडला. डर्बनला जे म्हणाल्या होत्या ते पस्तीस वर्षांनी असे खरे झाले.

पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का? हृदय आणि मूत्रपिंडे गेलेली, ती काही पेनिसिलिनने नीट होत नाहीत. बहुतेक नसत्याच वाचल्या. पण देवदासांच्या जागी मी असते तर मला काय वाटले असते, हा प्रश्न जात नाही. त्यातून पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वाड्यात गांधीजींना हिवताप आला तेव्हा आधी नको म्हणून शेवटी त्यांनी क्विनिन घेतले. यावरून पुष्कळ लोक त्यांना दोष देतात. मला तसा सरसकट दोष देववत नाही. हिवतापाला क्विनिनने उतार पडतो हे ठरलेले होते, आणि बांची घडी भरत आलेली होती. तरीही एक गोष्ट खटकते ती खटकतेच. १९०९ साली त्यांना विचारले गेले. १९४४ साली त्या सुईबद्दल कोणी विचारले नाही. विचारण्यासारखी शुद्ध किती होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या आवारातच, महादेवभाईंच्या शेजारी, त्यांना अग्नी दिला. अंगावर गांधीजींनी कातलेल्या सुताचे लुगडे होते. राख सावडताना पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या.

गांधीजी मे १९४४ मध्ये सुटले. पुढे दिनशा मेहतांच्या पुण्यातल्या चिकित्सालयात राहून त्यांनी निसर्गोपचाराचे काम हातात घेतले आणि २२ मार्च १९४६ ला ते उरुळीकांचनला आले. गरिबाला परवडेल ते माती, पाणी, ऊन आणि हवा, एवढ्यावर खेड्यात काम करावे, असा त्यांचा विचार. मणिभाई देसाई तेथे राहिले आणि तो आश्रम वाढला. आणि १९५४ साली पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, पिंपरीला, पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. जे औषध कस्तुरबांसाठी विमानाने आणावे लागले, ते दहा-अकरा वर्षांत येरवड्यापासून हाकेच्या अंतरावर तयार होऊ लागले.

सहलीच्या दिवशी तुम्ही सगळ्या बागेत डबे सोडून बसला होतात, तेव्हा आम्ही दोघे समाधीपाशी होतो. चालून ह्यांना दम लागला होता. ते पायरीवर टेकले, खिशातून पंप काढून दोन वेळा ओढला आणि जरा वेळाने म्हणाले, की उरुळीला आठ दिवस राहून पाहावे असे मनात आहे, मातीची पट्टी करून बघू. मी विचारले, "आणि पंप?"

"तो माझ्याच खिशात राहील," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात जाणार आहोत.